वाचून दाखवले, बरोबर आहे

उठाव एका रात्रीत आटोपला.
त्याचे कागद सात आठवडे चालले.

मी सरकारी वकिलाचा दुभाषा. पानामागे तीन पेन्स,
घोड्याचं भाडं वेगळं, मेणबत्ती माझी मला.
वेल्सच्या त्या दरीत, जिथं नदीसुद्धा
कोळसा धुऊनच खाली उतरते,
आम्ही दारोदार साक्षी मागत हिंडलो
आणि दारोदार लोकांनी कानांवर हात ठेवले.
त्या रात्री? त्या रात्री अख्खं खोरं गाढ झोपलं होतं म्हणे.
हजारो माणसं शहरावर चालून गेली
आणि एका कुत्र्यालाही जाग आली नाही.

पहिली बोलली ती गुत्तेवाली, लेआ प्रॉसर.
तिला राणीचं प्रेम नव्हतं, उधारीचा राग होता.
"चार पिंपं बिअर प्याले. पैसे उद्या देतो म्हणाले,
उद्या राज्य आपलंच आहे."
शेवटचं वाक्य वकिलानं दोनदा लिहून घेतलं.
बिअरचं एकदाही नाही.

मुद्देमाल:
शिशाच्या गोळ्या, मोजून एकतीस.
ओली दारू, चुलीपाशी वाळवूनही न पेटणारी.
टोपीच्या अस्तरात भजनाचं एक पान,
पाठीमागे शाईनं दहा नावं,
त्यातली चार पावसानं पुसलेली.
त्या चार घरांवर देवाची कृपा म्हणावी
की पातळ शाईची, कोण जाणे.

इश्माएल प्रोबर्ट, लोहार. म्हणाला,
"काठ्यांना टोकं बसवली. गुरं हाकायला."
आमच्या भाषेत भाला या शब्दाच्या पोटातच काठी असते.
तो काठी म्हणाला होता. मी जरा थांबलो.
वकिलानं टाक शाईत बुडवून वर पाहिलं.
मी म्हणालो, भाला.
लोहाराला वाचून दाखवले, बरोबर आहे.
वाचलं अर्थात आमच्या भाषेत. काठी असंच वाचलं.
त्यानं समाधानानं फुली मारली.

मग तो पोरगा, ह्यू. नऊ वर्षांचा.
खाणीत वाऱ्याची दारं उघडायला बसायचा,
बारा तास, उजेडाशिवाय.
"भिंतीआड उभा होतो. दिसलं काहीच नाही.
पण खोकल्यावरून सांगतो ना."
आणि तो खोकून दाखवू लागला.
हा सॉलोमन रीस, सुका, दोनदा.
हा लेवी पॅरी, याच्या शेवटी शिट्टी वाजते.
हा जोनाह, हा थुंकतो आणि मग देवाचं नाव घेतो.
सतरा खोकले.
जणू पाळी सुटून सगळे बाप
आमच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले,
अंगावरची धूळ न झटकता.

वकील हसला नाही. "खोकला कोर्टात टिकेल?"
"नावं टिकतील," मी म्हणालो.

मी सोळा सांगितली.
अकरावा खोकला मॉर्गन वॉटकिनचा होता.
तो माझा कुणीही नव्हता. एकदा चढावर
घोड्याचा नाल निखळला, तेव्हा त्यानं
न बोलता कंदील धरला होता, एवढंच.
उरलेल्या सोळांत जोनाह होता,
ज्यानं रविवारच्या शाळेत माझा हात धरून
मला पहिलं अक्षर काढायला शिकवलं.
त्याचं नाव मी स्पष्ट उच्चारलं. स्पेलिंगही सांगितलं.
का ते विचारू नका. मीही विचारलेलं नाही.

पोराला इंग्रजी येत नव्हतं,
पण नावांना कुठं भाषांतर असतं?
जबानी वाचून दाखवताना, दहाव्या नावानंतर,
तो माझ्याकडे बघून हळूच खोकला.
मी वाचत राहिलो.
त्यानं टाक मुठीत धरला आणि फुली मारली,
कागद फाटेल इतकी दाबून.

नऊ जण जहाजावर चढवले गेले. जोनाह तिसरा.
माझी पानं भरली पन्नास:
बारा शिलिंग, सहा पेन्स.
पावतीवर मी पूर्ण नाव लिहिलं, वळणदार.
ती मला कुणी वाचून दाखवली नाही.